पुण्यात ह्युमिड नसतं

आमच्या यजमानांना तुम्ही काहीही बोलू शकता. त्यांच्या टकलावरून बोला, त्यांच्या जुनाट स्कूटरवरून बोला. एकदा माझ्या भावाने त्यांना तोंडावर 'विक्षिप्त' म्हटलं, तर शब्द स्वच्छ उच्चारल्याबद्दल यांनी त्याचं अभिनंदन केलं. पण पुण्याच्या हवेला नावं ठेवायची नाहीत. हे आमच्या नातेवाइकांना, बिल्डिंगमधल्या लोकांना आणि दूधवाल्यालासुद्धा ठाऊक आहे. दीपमालाबाईंना ठाऊक नव्हतं, कारण त्या आदल्या रात्रीच्या बसने अकोल्याहून आल्या होत्या. आणि आमच्या एकुलत्या एका मुलीचं, तनयाचं, लग्न त्यांच्या मुलाशी, वरदशी, होणार की नाही, हे त्या दुपारी बशीभर चिवड्यावर येऊन ठेपलं.

माझ्या यजमानांचं नाव यज्ञेश्वर. जन्म नारायण पेठेतला, राहणं नारायण पेठेतलं, आणि नोकरी इथून चालत जाता येईल अशा एका कॉलेजात इंग्रजी शिकवण्याची. आता निवृत्त आहेत, म्हणजे फक्त पगार थांबला आहे. शिकवणं चालूच आहे. ते नेहमी सांगतात, शब्दाचा अर्थ डिक्शनरीत मिळतो, पण शब्द राहायला कुठे असतो ते आधी विचारावं. 'ह्युमिड' हा शब्द त्यांच्या मते मुंबईत राहतो. सुट्टीत कोकणात जातो. घाट चढून तो वर येत नाही. पुण्याच्या हवेसाठी त्यांनी तीन शब्द मंजूर केले आहेत: 'प्लेझंट', 'कूल' आणि 'ब्रीझी'. मे महिन्यात 'वॉर्म' म्हटलेलं चालतं, पण तेही सावलीत उभं राहून.

त्या दिवशी ब्रीझी वगैरे काही नव्हतं. गणपती नुकतेच गेले होते. आभाळ भरून आलेलं, पण पडेल तर शपथ. झाडाचं पान हलत नव्हतं. दोरीवरचे कालचे कपडे आजही ओलेच होते, म्हणून यांचा सदरा मी इस्त्रीने वाळवला. मिठाच्या बाटलीतून मीठ पडेना, म्हणून आत तांदळाचे दाणे टाकले. एवढं सगळं करून मी तोंड पुसत बाहेर आले तेव्हा हे गॅलरीत उभं राहून म्हणत होते, "काय प्लेझंट हवा आहे बघ!"

तेवढ्यात पाहुणे आले. वरदला आम्ही ओळखत होतो. तो आणि तनया हिंजवडीत एकाच कंपनीत आहेत, आणि यांनी त्याच्या इंग्रजी ईमेलमधल्या चुका काढून त्याला जावई म्हणून जवळजवळ पसंत केला होता. त्याचे आईवडील मात्र पहिल्यांदाच येत होते. वडील ज्ञानदेवराव, अकोल्यात कापडाचं दुकान, बोलणं कमी आणि हसणं गोड. आई दीपमालाबाई, उंच, ठसठशीत, हातात कुरडयांचा मोठा डबा. डबा माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "आमच्याकडच्या उन्हात वाळवल्या आहेत. तळल्या का खडखड वाजतात." मला बाई आवडली. वरदने आधीच सांगून ठेवलं होतं की आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात, तर काकांना सांभाळा. यांनी मनाची तयारी केली होती. त्यांची तयारी व्याकरणापुरतीच होती.

सगळे सोफ्यावर बसले. पंखा पाचवर होता. दीपमालाबाईंनी पदराने मान पुसली, मग कपाळ पुसलं, मग पुन्हा मान पुसली, आणि अगदी सहज म्हणाल्या, "ह्युमिड होऊन राहिलं ना इथं."

हे तांब्यातून पाणी ओतत होते. तांब्या हवेतच थांबला.

"काय म्हणालात?"

"ह्युमिड. ह्युमिडिटी खूप आहे म्हटलं."

"कुठे?"

"इथं. पुण्यात."

तनयाने डोळे मिटले. मी पोह्यांच्या बश्या आणायच्या निमित्ताने उठले आणि दारातच थांबले. आमच्या घरात तो शब्द पुण्याला उद्देशून कधीच उच्चारला गेला नव्हता. मुंबईचे लोकसुद्धा आमच्याकडे येऊन फार तर 'पंखा वाढवा' म्हणतात.

"बाई," यज्ञेश्वर अत्यंत सौजन्याने म्हणाले, आणि ते सौजन्याने बोलायला लागले की मला धडकी भरते, "तो शब्द इंग्रजांचा. बरोबर? आता हे इंग्रज पावसाळा आला की मुंबई सोडायचे आणि गव्हर्नरसकट पुण्याला येऊन राहायचे. का यायचे? मुंबई ह्युमिड म्हणून! ज्यांचा शब्द, ते त्या शब्दापासून पळून इथे येत होते. आणि तुम्ही तोच शब्द त्यांच्या मागोमाग इथे आणून ठेवताय."

"मी नाही आणला जी," दीपमालाबाई म्हणाल्या. "तो इथंच होता. मले आल्या आल्या लागला."

"तुम्हाला इंग्रजीतला नेमका अर्थ..."

"अर्थ काय त्यात! आमच्या अकोल्यात पाचवीतलं पोरगंबी सांगते. उन्हाळाभर घरोघरी कूलर चालते. पाण्याचा. जून लागला का कूलर लावून काही फायदा नाही, थंडच करत नाही तो, अंग नुसतं चिकचिक होते. मंग आम्ही म्हणतो, ह्युमिडिटी आली, कूलर बंद करा. तसंच होऊन राहिलं इथं. कूलर बंद करायच्या वेळेसारखं."

"तुम्ही पुण्याची तुलना कूलरशी करताय?"

"बंद कूलरशी," ज्ञानदेवरावांनी मदत म्हणून दुरुस्ती केली.

"बाबा, प्लीज," तनया म्हणाली, "इट्स जस्ट अ वर्ड."

"जस्ट अ वर्ड? तुझं शिक्षण जस्ट वर्ड्सवर झालं आहे, तनया." मग पाहुण्यांकडे वळून हे जे बोलू नये ते बोललेच. "तुमचंही बरोबर आहे म्हणा. मे महिन्यात अकोल्यात जे असतं त्याला इंग्रजीत शब्दच नाही. कोणी इंग्रज तो शोधायला तिथे टिकला नसेल."

"टिकले नाहीत तेच बरं झालं आमचं," दीपमालाबाई म्हणाल्या, आणि उठून उभ्या राहिल्या. आता त्यांचा आवाज बदलला होता. "सर, मी तुमच्या गावाले शिव्या नाही दिल्या. मले घाम आला, मी म्हटलं घाम आला. घरी आलेल्या माणसाचा घाम जर तुम्ही खोटा पाडता, तर माह्या पोराचं जन्मभर काय काय खोटं पाडाल?"

वरदचं तोंड उतरलं. तनया माझ्याकडे बघत होती, लहानपणी पतंग तारेला अडकला की बघायची तशी, आता आईच काहीतरी करेल अशा आशेने. मला नवऱ्याचा असा संताप आला की तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांच्या टकलावर ओतावं. तेवढं तरी ह्युमिड झालं असतं.

आणि त्याच वेळी यज्ञेश्वर म्हणाले, "पुरावा देतो. बसा. या घरात तीस वर्षांत चिवडा सादळलेला नाही."

हे त्यांचं ब्रह्मास्त्र आहे. मुंबईचे साडू आले की, लंडनचा भाचा आला की, ते हेच काढतात. मुंबईत चिवडा ताटलीत काढला की चहा येईपर्यंत मऊ पडतो, पुण्यात तो डब्याचं झाकण सैल असलं तरी कुरकुरीत राहतो, आणि याचं कारण पुण्याची कोरडी हवा. तीस वर्षं मी हे ऐकते आहे. आणि तीस वर्षं रोज दुपारी, हे वामकुक्षी करत असताना, मी डब्यातला चिवडा कढईत घालून मंद आचेवर परतते आहे. लग्न होऊन आले तेव्हा यांना मऊ चिवडा आवडत नाही एवढंच सासूबाईंनी सांगितलं होतं. त्याही तेच करायच्या. आमच्या घरी पुण्याची कोरडी हवा म्हणजे आधी सासूबाई होत्या आणि नंतर मी. यांना कधी सांगितलं नाही, कारण यांनी कधी विचारलं नाही, आणि दुपारची ती शांत वेळ मलाही आवडायची.

"बशीभर चिवडा गॅलरीत ठेवायचा, उघडा," हे सांगत होते. "आपण जेवून घेऊ. जेवण झालं की चिवडा खाऊन बघायचा. कुरकुरीत निघाला तर बाईंनी शब्द मागे घ्यायचा."

"आणि मऊ निघाला तर?"

"तसं होणार नाही."

"झालं तर तुम्ही मागे घ्यायचं. अकोल्याचं बोलले तेही." दीपमालाबाई बसल्या, पण पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही. "त्यानंतर लग्नाचं बोलू. नाही जमलं तर आम्ही आमच्या गावाले, तुम्ही तुमच्या हवेत."

पंच म्हणून शेजारच्या यमुनाबाईंना नेमलं. त्यांची आणि आमची गॅलरी लागून आहे, मध्ये फक्त कठडा. त्या ऐंशीच्या पुढच्या, कानाने अधू, दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्यावरच्या पार्किंगवर देखरेख करतात. यांनी त्यांना ओरडून सगळं समजावलं. एवढं ओरडून, की खालच्या झेरॉक्सवाल्यालाही पुणं आणि अकोला यांच्यात काय चाललंय ते कळलं.

"म्हणजे चिवड्याकडे बघत बसायचं," यमुनाबाई म्हणाल्या. "बघते. नाहीतरी आज कोणी चुकीची गाडी लावलेली नाही."

मी बशी भरून कठड्याजवळच्या स्टुलावर ठेवली. पातळ पोहे, खोबऱ्याचे काप, डाळं, शेंगदाणे, कढीपत्ता. सकाळच्या गडबडीत तो मी परतलेलाही नव्हता. खोटं कशाला बोलू, त्या चिवड्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

कारण दोन्हीकडून मरण होतं. चिवडा मऊ निघाला तर यज्ञेश्वर हरणार, आणि हरलेले यज्ञेश्वर मला माहीत आहेत. धाकट्या दिरांनी एकदा खडकवासल्याच्या पाण्याला 'गढूळ' म्हटलं होतं. पाणी खरंच गढूळ होतं, ग्लासात दिसत होतं. दोन दिवाळ्या दीर आमच्याकडे आले नाहीत. आणि चिवडा कुरकुरीत निघाला तर ती बाई स्वतःच्या अंगावरचा घाम खोटा ठरवून घेणार आणि पोराला घेऊन निघून जाणार. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं.

जेवायला बसलो. कुरडया तळल्या, त्या खरंच खडखड वाजल्या. यज्ञेश्वर 'स्टफी', 'सल्ट्री' आणि 'क्लोज' हे शब्द कुठे वापरावेत ते वरदला समजावत होते. तो 'हो काका, हो काका' करत भात कालवत होता आणि घामाचे थेंब त्याच्या चष्म्यावरून वरणात पडत होते. ज्ञानदेवरावांनी विषय बदलावा म्हणून माठाचा विषय काढला.

"आमच्याकडे फ्रीजचं पाणी कोणी पीत नाही," ते म्हणाले. "अकोल्याचा माठ असा आहे ना, सर, भर मे महिन्यात दुपारी पाणी काढलं तर दात शिवशिवते. मातीच तशी आहे आमची. पुण्यात नाही मिळणार असा माठ."

"पुण्याला गरज नाही," यज्ञेश्वर म्हणाले.

दीपमालाबाईंनी ताटातल्या कोशिंबिरीकडे असं काही बघितलं की मला वाटलं हे बघणं आपल्या ओळखीचं आहे.

जिलबी वाढून झाल्यावर यज्ञेश्वर उठले. "फोन आलाय," म्हणाले, आणि गॅलरीकडे गेले. फोन टेबलावरच होता. परत येऊन बसले आणि जिलबी नको म्हणाले. यांनी जिलबी नको म्हणणं मी पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटलं, उकाड्याने पित्त झालं.

ताटं उचलायच्या निमित्ताने मी गॅलरीत गेले. चिमूट तोंडात टाकली. पोहे नव्हते ते, ओला कागद होता. शेंगदाणासुद्धा दाताखाली नमला.

"सादळला ना?" मागून आवाज आला. हात धुवायला म्हणून दीपमालाबाई माझ्या मागोमाग आल्या होत्या. त्यांनीही चिमूट उचलली, चावली, आणि मला वाटलं आता त्या आत जाऊन सांगणार. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कढई कुठं आहे तुमची?"

"कढई?"

"परतून टाकू. मी म्हणतो मी चुकली. पोरं चार वर्षांपासून एकमेकांत जीव गुंतवून बसले. आपल्या एका शब्दापायी त्यांचं वाटोळं काहून करायचं?"

मला भरूनच आलं. मघाशी जी बाई पर्स घेऊन उठली होती, तीच आता हरायला कढई मागत होती.

मी बशी उचलली. पलीकडून यमुनाबाई म्हणाल्या, "काय गं, पुरावा कुठे चालला?"

"माशी बसली होती," मी म्हटलं.

"असं होय." त्यांनी मान रस्त्याकडे वळवली. "मी काही बघितलं नाही. फक्त जरा खमंग परता. मला ऐकू कमी येतं, कुर्रम मोठ्याने वाजला पाहिजे."

स्वयंपाकघराचं दार लोटून आम्ही दोघींनी गॅस पेटवला. पंखा बंद करावा लागला, नाहीतर ज्योत हलते. मी परतत होते, त्या खोबऱ्याचे काप करपू नयेत म्हणून बाजूला सारत होत्या. घामाने दोघींच्या पाठी भिजल्या. "रोज करता वाटते हे," त्या म्हणाल्या. "हात बसलेला दिसून राहिला."

"तीस वर्षं," मी म्हटलं. "त्यांना वाटतं, हवा."

दीपमालाबाई हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर घेऊन, मग ओट्याला धरून. "माठ," त्या कशाबशा म्हणाल्या. "आमचा माठ! शेजारणीकडून बर्फ आणून रोज दुपारी माठात टाकतो मी. फ्रीजचा दिसला तर हे पीत नाही. यांना वाटते, माती!"

मग मीही हसले. आम्ही दोघी पुण्याची हवा आणि अकोल्याची माती, एका कढईभोवती उभ्या राहून हसत होतो, आणि चिवडा जरा जास्तच लाल झाला.

बशी परत स्टुलावर गेली. सगळ्यांना गॅलरीत बोलावलं. वरद आणि तनया दारात एकमेकांपासून अंतर ठेवून उभे राहिले, निकालाच्या दिवशी बोर्डासमोर पोरं उभी राहतात तसे. यमुनाबाईंनी कठड्यावरून हात लांब करून घास घेतला.

कुर्रम.

"कुरकुरीत!" त्यांनी जाहीर केलं. "पुणं जिंकलं."

दीपमालाबाईंनी हात जोडले. "मी शब्द मागे घेतो, सर. पुण्यात ह्युमिड नाही." हे म्हणत असताना त्यांच्या कपाळावरून निघालेला घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर आला आणि तिथे लटकला. सगळे त्याच्याकडे बघत होतो. तो पडला.

आता यज्ञेश्वरांनी छाती फुगवायला हवी होती. ते मात्र बशीकडे टक लावून बघत होते. त्यांनी चिमूट उचलली आणि तशीच बोटांत धरून ठेवली.

"हा गरम आहे," ते म्हणाले.

"उन्हाने," यमुनाबाई म्हणाल्या. एरवी तीन वेळा ओरडल्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही.

यज्ञेश्वरांनी वर बघितलं. आभाळ गच्च राखाडी होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या पदराला कढीपत्त्याचं काळं पान चिकटलं होतं आणि केस कपाळाला चिकटले होते. मग दीपमालाबाईंकडे बघितलं. त्यांच्या हातात अजून माझा झारा होता. गडबडीत त्या तो तसाच घेऊन आल्या होत्या आणि त्याच हाताने नमस्कारही केला होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मघाशी फोनच्या निमित्ताने हे चिवडाच खाऊन गेले होते. मऊ होता हे त्यांना माहीत होतं. आणि मऊ असलेला चिवडा कुरकुरीत कसा होतो, हे त्यांना आत्ता, माझ्या डोळ्यांसमोर, पहिल्यांदा कळत होतं. इंग्रजीचा मास्तर असला तरी माणूस मूर्ख नाही. बोटांतली चिमूट त्यांनी तोंडात टाकली आणि खूप वेळ चावली. तनयाचं लग्न त्या घासात होतं.

"दीपमालाबाई," ते म्हणाले, "शब्द मागे घेऊ नका."

"काहून?"

"शब्द बरोबर आहे. वापरही बरोबर आहे." दाढ काढतानासुद्धा त्यांचा चेहरा इतका वेडावाकडा झाला नव्हता. "आज पुण्यात ह्युमिड आहे."

खालचा झेरॉक्सवाला वर बघायला लागला.

"आजच ना?" दीपमालाबाईंनी विचारलं. बाई भली, पण तिलाही जिंकलेलं पूर्ण मोजून घ्यायचं होतं.

"आज," यज्ञेश्वर म्हणाले. मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, "आणि बहुधा तीस वर्षं असावं. माझ्या लक्षात आलं नाही. आणि अकोल्याबद्दल मी बोललो ते वाईट बोललो. तुमच्या मुलाला या घरात कोणी खोटं पाडणार नाही. त्याचे ईमेल सोडून."

दीपमालाबाईंनी झारा स्टुलावर ठेवला, पर्स उघडली, आतून कुंकवाची डबी काढली आणि तनयाला जवळ बोलावलं. मला रडूच फुटलं. हसत होते आणि रडत होते, आणि घाम एवढा होता की कोणाला कळलंही नाही. ज्ञानदेवराव बशीतला उरलेला चिवडा खात उभे होते. खाता खाता त्यांचा हात थांबला.

"म्हणजे," ते बायकोला म्हणाले, "हवेमुळे नव्हतं ते. मंग आपला माठ..."

"तुम्ही जिलबी खा," दीपमालाबाई म्हणाल्या.

पाहुणे दोन दिवस राहून, साखरपुड्याची तारीख काढून गेले. वरद त्यांना बसमध्ये बसवून आला. त्या दुपारी मी जरा आडवी झाले होते, तर स्वयंपाकघरातून खडखडाट ऐकू आला. जाऊन बघते, तर यज्ञेश्वर बनियनवर, घामाने निथळत, कढईपुढे उभे. गॅस मोठा, धूर छतापर्यंत. पंखा बंद. एवढं तरी त्यांना सुचलं होतं.

"तू झोप," ते म्हणाले. "आजपासून पुण्याची हवा मी सांभाळतो."

मी दारातच उभी राहिले. त्यांनी बाहीने तोंड पुसायला हात वर केला, पण बनियनला बाही नव्हती.

"काय गं," थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "या स्वयंपाकघरात रोज इतकं ह्युमिड असतं?"

"रोज," मी म्हटलं.

ते ढवळत राहिले. शेंगदाणे पार करपले होते आणि खोबऱ्याचा कोळसा झाला होता. मी बशी भरून घेतली आणि सगळा खाल्ला.